शालिग्रामची झडती

गोमती : मंग काय, आज पोळा म्हनून काल बैलाईचे खांदे मीच शेकले. हळद-तूप लावलं, अन् उद्या जेवाले या म्हनून कानात आवतनही मीच देलं.

शालिग्राम : बाईमानसानं बैलाले आवतन देलं? कोनी पाह्यलं असतं तं?

गोमती : घरधनी तोंडावर पासोडी घेऊन निजले तं बाईमानसाले द्या लागते. का ममईहून तार याची वाट पाहाची होती? ‘शेका खांदे’ म्हनून?

शालिग्राम : तारेचं नाव काढू नको, गोमते.

गोमती : काहून नको? सारा उन्हाळा दुसरं नाव कोनतं होतं या घरात? आज तार आली, कापसाचा भाव चढला. आज तार आली, अजून चढला. वावराच्या धुऱ्यावर पाय नाई ठेवला तुमी, पन कारंज्याच्या पेठेत तार वाचाले रोज हजर.

शालिग्राम : समुद्रापल्याडच्या लढाईपासून भाव चढतच होता. आठ रोजात मी जेवढे कमावले तेवढे माह्या बापानं सालभर राबून नाई कमावले. मले का माहीत एका तारेत सारं बसन म्हनून?

गोमती : एका तारेत कुठी बसलं? मले सारं माहीत हाये. दलालाचा मानूस सांगून गेला.

शालिग्राम : काय सांगून गेला?

गोमती : ते तुमीच सांगा. दोन महिने झाले, तुमच्या तोंडून आइकाची वाट पाहून राह्यली मी.

शालिग्राम : ...पहिल्या दिवशी पडला तवाच उठून आलो असतो तं निम्मे वाचले असते. नाई उठलो. म्हनलं, उद्या चढन. अजून वायदा घेतला. मंग अजून पडला. दलाल म्हने, राजेहो, आता थांबा. मी त्याच्यावरच खेकसलो. तवा तुह्या इहिरीचे पैसे घातले. बस, हेच होतं सांगाचं.

गोमती : चाला. सांगतलं एकदाचं.

शालिग्राम : राग नाई येत तुले?

गोमती : येत कसा नाई? त्या इहिरीसाठी मी दोन साल नवं लुगडं नाई मागतलं. रडलीही. पन रडून उठली, सडा टाकला, भाकरी थापल्या. तुमी उठलेच नाई. मले राग हाये तो त्याचा.

शालिग्राम : पैशाचं तेवढं नाई वं. माह्या अकलेवरचा भरोसाच उडाला. परवा गडी इचारे, मालक, वावरात तनावर डवरा आज हानू का उद्या? साधी गोष्ट. माही जीभच उचलेना. वाटे, मी जे म्हनीन ते उलटं होईन.

गोमती : अन् आज? आज पोळा हाये. सुभान्या-रतन्याचे शिंगं रंगवले, झुली टाकल्या. सारं गाव तोरनाखाली चाललं. तुमी कायले बसले?

शालिग्राम : झडत्याईच्या भेवानं.

गोमती : आता समजलं.

शालिग्राम : समजलं तं बोलू नको. मागल्या पोळ्याले माह्या खिशात पैसा खुळखुळत होता. तोरनाखाली उभा राहून साऱ्या गावासमोर मी पाठीत वाकलेल्या दौलतकाकावर झडती म्हनलो, टोमन्याच्या ओळी. काय म्हनलो ते आठवते?

गोमती : गावातले लेकरं अजून म्हनतात.

शालिग्राम : ‘नांगर धरून धरून पाठीले आलं पोक, तारेवर भाव आला, घरी बसून रोख!’ अन् ज्याच्यावर म्हनलो त्या मानसानं मले आधीच सांगतलं होतं, शालिग्राम, कापूस इकाचा तं बोंड पाहून इक. आता त्याची पाळी हाये. सारे म्हनतीन माह्यावर. तिकडं ओळीले ओळ जोडून तयार असतीन.

गोमती : असू द्या तयार. चार टाळ्या पडतीन, लोक हासतीन, संपलं. झडती म्हनजे काय फाशी हाये?

जगदेव : वैनी! ओ वैनी! शालिग्राम हाये काय घरात?

गोमती : या जगदेवभाऊ. तुमचे दोस्त खाटेवर हायेत, मड्यावर वाहतात तसे तांदूळ वाहाचे राह्यले फक्त.

जगदेव : राहू द्या निजलेले. कासरा द्या माह्याजवळ. तुमची जोडी मी नेतो तोरनाखाली.

शालिग्राम : तू काहून नेशीन?

जगदेव : दौलतकाकानं धाडलं. म्हने, बैल सालभर राबले, त्याईचा मान चुकू नये.

शालिग्राम : अन् माह्यावर किती झडत्या केल्या तुमी? खरं सांग लेका. गावात पह्यला झडतीवाला तूच.

जगदेव : एकही नाई.

शालिग्राम : झूट नको बोलू.

जगदेव : बैलाच्या गळ्याची आन. म्हनजे, तीन केल्या होत्या. अश्शा झाल्या होत्या का बस! पन दौलतकाकानं मारोतीच्या पारावर साऱ्याईले बसवून सांगतलं, यंदा शालिग्रामचं नाव कोनी झडतीत घ्याचं नाई.

शालिग्राम : काहून?

जगदेव : आता... मी कसं सांगू?

गोमती : सांगा भाऊ.

जगदेव : म्हनाले, ज्याच्या घरी माती झाली त्याच्यावर आपुन झडती म्हनत नाई. तसंच हे समजा.

शालिग्राम : माती? माह्या घरी कोनाची माती झाली?

जगदेव : तुही. अजून कोनाची?

शालिग्राम : मी जिता हाये ना बे!

जगदेव : मले दिसते. पन गावाले दोन महिन्यात कुठी दिसला? कवा निंघालास तं मांगच्या बाजूनं जातोस, दिवे लागल्यावर येतोस. म्हाताऱ्या बाया तुह्या घरावरून जातानी हळू बोलतात.

शालिग्राम : हासले असते तं चाललं असतं. चार शिव्या देल्या असत्या तं सोसल्या असत्या. पन मले मेल्यात मोजलं? गोमते, पागोटं कुठी हाये माह्यं?

गोमती : खुंटीले. सकाळीच काढून ठेवलं.

शालिग्राम : कासरा इकडं आन जगदेव. माहे बैल मी नेतो. अन् तुह्या त्या तीन झडत्या ठेव तुह्याजवळ, मी माही माही जोडतो.

जगदेव : रस्त्यानं? इथून तोरन असं दूर तरी कितीक हाये?

शालिग्राम : आठ रोजात सारं गमावलं मी. चार ओळी जोडाले कितीक वेळ लागते?

गोमती : आता कसे बोलले! जा. मी दारात आरतीचं ताट घेऊन उभी राह्यते.

(धनज गावाच्या वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण. बैलजोड्या रांगेत उभ्या. डफडं वाजत आहे.)

दौलतराव : ये बाप्पा. तू सोताच आला? बरं केलं. माह्या बाजूले लाव जोडी.

शालिग्राम : काका, तुमी माह्यावरच्या झडत्या बंद केल्या म्हने.

दौलतराव : जखमेवर कोनी बोट ठेवू नये म्हनून सांगतलं. जवान मानूस हायेस. असा धक्का बसलेले लोक कुठी कुठी जातात, माहीत हाये मले. तुह्या बापाच्या जागी हावो मी, जीव टांगनीले लागला होता.

शालिग्राम : तुमचा जीव समजते मले. पन काका, मागल्या साली मी एवढं वाकडं बोललो अन् तुमी पोट धरून हासले. तवा मले वाटलं, म्हातारा येडा हाये. आज समजते, गावात ज्याची मस्करी होते तो गावातला असते. मले बाहेर नका काढू.

दौलतराव : कोन काढते बाहेर तुले?

शालिग्राम : मंग घ्या नाव माह्यं. नाई घेत? बरं, मीच घेतो. जगदेव, डफडं थांबव!

जगदेव : ए, थांबा रे! सेवादासनाईक, तुमच्या तांड्यावरचे पोरं चूप करा जरा! शालिग्राम झडती म्हनून राह्यला! सोतावर!

शालिग्राम :
ना पेरला, ना येचला, कागदावरचा कापूस,
भाव पडला ममईत अन् धनजात निजला मानूस!
डोये उघडून पाहे तं बैल उभे दारी,
हरला असन शालिग्राम, पन बैलजोडी भारी!
बोला, हर हर महादेव!

जगदेव : हर हर महादेव! अरे वा रे पठ्ठ्या! पुन्हा म्हन, पुन्हा! पाहा काका, सेवादासनाईक बैलाच्या गळ्यात पडून हासून राह्यले. अन् ते पोरं पाहा, आताच पाठ झाली त्याईले!

शालिग्राम : हासू द्या. लय दिवसाचं थकलं होतं गावाचं हासू माह्याकडं.

दौलतराव : थांब, थांब. डोये पुसू दे मले.

शालिग्राम : काका, रडून राह्यले काय तुमी?

दौलतराव : हासून राह्यलो रे येड्या. दोनी एकाच ठिकानाहून येते, मी काय करू? तुह्या पोटातून निघालं ना सारं?

शालिग्राम : सारं नाई. पन श्वास घ्याले जागा झाली. उद्यापासून गड्यासोबत डवऱ्यावर मी राहीन. इहीर यंदा नाई झाली, पन होईन. वावरात कापसाची पऱ्हाटी बरी हाये.

दौलतराव : हे तू सोताच्या अकलेनं बोललास?

शालिग्राम : सोताच्याच. भेव वाटलं, पन बोललो.

दौलतराव : झालं तं मंग. जगदेव, सांग साऱ्याईले, बंदी उठली! अरे, मागल्या पोळ्यापासून एक झडती घेऊन हिंडून राह्यलो मी या पोरावर. वखरामांगं चालता चालता जोडली, धुऱ्यावर बसून घासली. गेल्या दोन महिन्यात वाटलं, आता हे मनातच जिरवा लागते.

जगदेव : काका, तुमचा आवाज बसला हाये. मले सांगा, मी म्हनतो.

दौलतराव : चाल हट! पोकवाला मी, झडती माही, अन् म्हनशीन तू? शालिग्राम, माह्या जोडीचा कासरा धर जरा. दोनी हात मोकळे लागतात मले.

शालिग्राम : धरला, काका. म्हना. पन जोरात म्हना, आमच्या दारापर्यंत आइकू गेलं पायजे.