चिवड्याच्या कंपनीला वारस पाहिजे

पाणीसुद्धा विचारलं नाही हो! तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली... खुर्चीत नीट टेकलीही नव्हती मी, तर सी.ए. सार म्हणतात, "तुम्ही मेल्यावर कोण?" मी अशी दचकली की हातातली नमुन्याची पुडी टेबलाखाली! आता तुम्हीच सांगा, अदिलाबादच्या बाजारात, भर दुपारी, धडधाकट पोरीला असं विचारतात काय? आणि विकायचा काय, तर ज्वारीच्या लाह्यांचा चिवडा!

झालं असं, गुडीहत्नूरजवळचा हायवेवरचा ढाबेवाला म्हणाला, "मैत्री मॅडम, माल अच्छा है, पर कल तक रजिस्ट्रेशन की रसीद लाओ, नहीं तो दूसरी पार्टी तैयार है." म्हणून धावत आली मी. मला वाटलं एक अर्ज, एक सही, संपलं! पण सारनं धंद्याचे प्रकारच सांगायला घेतले. पहिला, प्रोप्रायटरशिप. सोपं, स्वस्त... "पण बघा अम्मा, यात धंदा म्हणजे तुम्हीच. उद्या कोणाचं पोट बिघडलं, त्यानं केस केली, तर वसुली घरापर्यंत." घरापर्यंत? बाबांनी मास्तरकीच्या पगारात बांधलेलं घर, मागच्या भिंतीला अजून प्लास्टर नाही, आणि ते एका पोटदुखीत जाणार? नको! मग पार्टनरशिप. "धंद्याच्या नावावर पार्टनरनं कर्ज काढलं, तरी फेडायचं तुम्हालाच." नको, नको! शेवटी निघाली एकट्याची कंपनी. कंपनी बुडाली तरी घर शाबूत. मी म्हटलं, हीच द्या! तर म्हणे, "मग नॉमिनी सांगा. म्हणून तर पहिलेच विचारलं. कंपनी मरत नाही अम्मा, तुम्ही मरता."

पहा हो! विकायचा काय, तर चिवडा!

बाबांना फोन लावला. "मी तुझ्याआधी जाणार, माझं नाव काऊन लिवतं?" मागून आई ओरडली, "भरल्या घरात काय बोलून राह्यली ही पोरगी!" फोन बंद. धोंडीबा काकांना लावला. ते लगेच तयार! "लिव ना माझं नाव, लिव!" आणि मग हळूच, "तुझी तब्येत कशी हाय आता?"... नको बाई!

राहिली मयूरी. माझ्यासोबत लाह्या फोडते, मसाला तर तिच्याच हातचा. पण असलं तोंडानं कसं विचारायचं? म्हणून मेसेज टाकला, "मयूरी, मी मेली तर माझं सगळं तू घेशील काय? लवकर सांग, वेळ नाही." निळ्या खुणा आल्या. म्हणजे वाचलं! आणि मग... काहीच नाही. फोन केला, उचलत नाही. परत केला, उचलत नाही! रागावली असेल काय? मसाला माझा, आणि हिला वाटा द्यायची आठवण आली ती मेल्यावर, जित्यापणी नाही, असं वाटलं असेल काय? ती तुटली तर चिवडा कोणाचा अन् कंपनी कशाची?

इकडे सार पंखा बंद करून राह्यले. "पाचला शटर, अम्मा. उद्यापासून मी हैदराबादला, मुलीचं लग्न." परत फोन लावला, वाजते आहे, वाजते आहे, उचल ना गं, उचल ना... विकायचा चिवडा, आणि जीव चालला माझा!

...उचलला!

नुसता वारा, ट्रकचे हॉर्न, मोटारसायकलची धडधड, आणि त्यात हुंदके. "मैत्री! हाय ना वं तू? कुठं हाय? आमच्या पंढरीदादाच्या गाडीवर निघाली मी! घेते ना, सारं घेते, तू म्हणशील ते घेते, पण जिवाचं काई करू नको वं माय!"

फोन तसाच कानाला धरून सारकडे वळली. म्हटलं, "सार, ती हो म्हणाली."

सारनं मानही उचलली नाही. "लेखी लागते, अम्मा."