स्क्रू फिरवतंय कोण?

...आणि वर मलाच म्हणतात, आल्सिद, तू फार संशय घेतोस. मी? तुम्हाला सांगतो, मी संशयी माणूस नाही, पण एखादा स्क्रू आपण जेवणाआधी घड्याळातल्या तीनच्या काट्यासारखा आडवा ठेवावा, जेवावं, जरा डोळा लागावा, आणि उठून बघावं तर हा एकवर... मग माणसानं समजायचं काय? स्क्रू फिरायला गेला होता?

कुठला स्क्रू म्हणता? कार्बोरेटरचा हो. माझ्या सासऱ्याच्या चेनसॉचा. अठ्ठावन्न सालची करवत, पिवळी, अस्सल लोखंडी, उचलायला गेलं की कंबर आधी विचारते, नक्की ना? सासरे गेले तेव्हा मेव्हण्याला, फर्नांडला, ट्रक मिळाला आणि माझ्या बायकोला, रोझिल्डाला, ही करवत. फर्नांडनं दोन वर्षांत ट्रक नदीत घातला, तोही गोठलेल्या नदीवरून पलीकडे कॅनडात जाण्याची पैज लावून, मार्च संपता संपता! तेव्हापासून त्याचा करवतीवर डोळा आहे. मी काही म्हणत नाही, मी फक्त बघतो.

बारा वर्षं पडून होती कोठारात. यंदा चर्चच्या जत्रेत जुन्या करवतींनी ओंडके कापायची शर्यत ठेवली, तशी रोझिल्डा म्हणाली, "बाबांची करवत एकदा चालू कर ना. मरायच्या आत मला तिचा आवाज ऐकायचाय." आता बायको चाळीस वर्षांत काही मागत नाही आणि एकदम हे मागते, म्हणजे करणं आलं. पण त्यात गोम अशी, की तिचा पिस्टन आता जगात कुठं मिळत नाही. तो जळला की करवत गेली, सासऱ्यांचा आवाजही गेला, आणि जन्मभर रोझिल्डा काही बोलणार नाही. तेच तर वाईट, बोलणार नाही!

तशी मला भीती नव्हती. चाळीस वर्षं मी जंगलात झाडं पाडलीत. या खोऱ्यात कुणाची करवत खोकली की आणतात माझ्याकडे. बाकीचे सुधारलेले लोक यंत्रं लावून कार्बोरेटर सेट करतात, मी कानानं करतो. नुसतं ऐकायचं. बास.

उघडला कार्बोरेटर. आत बघतो तर पेट्रोलची काकवी झालेली. पडदा असतो एक आत, रबरी, तो हलला तर पेट्रोल येतं, तो मऊ पाहिजे, हा पापड! नवीन किट मागवली. पाकीट आलं तर चिकटपट्टी दोनदा लावल्यासारखी. आणि टपाल कोण आणतो आमच्याकडे? शेजारच्या गिल्मनचा भाचा. गिल्मन कोण? जो शर्यतीत स्वतःची लाल करवत घेऊन उतरणार तो. मी संशयी माणूस नाही, पण मी किटमधला एकेक तुकडा तीनदा मोजला. सगळे होते. म्हटलं, हुशार आहेत, घाई करणार नाहीत.

सगळं रॉकेलमध्ये भिजवलं, भोकं हवेनं फुंकली, सुई बसवली, सुईचा दांडा पट्टी लावून पातळीत आणला, एका बाजूला आधी गॅस्केट मग पडदा, दुसऱ्या बाजूला आधी पडदा मग गॅस्केट. यातच निम्मे लोक आपटतात. तिसऱ्यांदा दोरी ओढली आणि करवत सुरू! रोझिल्डा स्वयंपाकघराच्या दारात आली, एप्रनला हात पुसत उभी राहिली, आत गेली. डोळे पुसले असावेत, मला तिकडून दिसलं नाही.

पण मला आवाज घोगरा लागला. घोगरा म्हणजे पेट्रोल जास्त. म्हणून मी स्क्रू आवळला, थोडा, आणखी थोडा... मग जरा बरी वाटली. हे नाजूक काम असतं हं, कारण तेल पेट्रोलमध्येच मिसळलेलं, पेट्रोल फार आवळलं की तेलही बंद, आणि मग पिस्टन कोरडा घासून जळतो. पण ते नवशिक्यांचं. स्क्रू तीनवर ठेवला आणि जेवायला गेलो.

उठून बघतो तर एकवर. पुन्हा सुरू केली, पुन्हा घोगरी. आवळला. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा एकवर! तिसऱ्या दिवशी मी बाजूला सुईनं खूण कोरली, म्हटलं आपलाच डोळा चुकत असेल. नाही! खूण तीनला, स्क्रू एकला. कुठंतरी पाणी मुरत होतं. मी सगळे स्क्रूड्रायव्हर कपाटात घातले, कुलूप लावलं, किल्ली गळ्यात क्रूसाशेजारी. चौथ्या दिवशी? एकवर!

मग मी निळा रंग आणला. लेथवाले वापरतात, भाग नीट बसतोय का बघायला. मोहरीएवढा लावला तरी दहा गोष्टींना लागतो आणि धुऊन जात नाही. शनिवारी संध्याकाळी स्क्रूच्या खाचेत भरला. फर्नांड जत्रेसाठी आमच्याकडेच मुक्कामाला, गिल्मन कुंपणापलीकडे. म्हटलं, या आता.

रविवारी सकाळी दाढी करून शेडमध्ये गेलो, स्क्रू एकवर! लगेच परत तीनवर आणला, कान खाजवला आणि थेट चर्चला. आता सगळ्यांचे हात बघायचे कसे? तर आमच्या मिस्सेत, रविवारच्या प्रार्थनेत, एक वेळ येते, एकमेकांना शांती द्यायची, हस्तांदोलन करायचं. मी उठलो तो चार बाकं ओलांडून गिल्मनपाशी. हात धरला, उलटा केला, नखं बघितली. "शांती असो, आल्सिद," गिल्मन म्हणाला, "पण माझा हात परत दे." फर्नांडचे दोन्ही बघितले. तो म्हणतो, "भाऊजी, लग्नाची मागणी घालताय का?" दोघांचे हात स्वच्छ! आणि जागेवर आलो तर रोझिल्डा कुजबुजते, तिला तीनदा कुजबुजावं लागलं, की तुझा सगळा कान निळा झालाय.

घरी आलो. न्याहारीला कुट्टूच्या, त्या तिकोनी काळ्या दाण्याच्या, पिठाची धिरडी, आमच्याकडे रविवारी तीच असतात, पिवळीधमक, जाळीदार. मी एक घेतलं, लोणी फासलं... लोणी निळं.

तुम्हाला सांगतो, मी संशयी माणूस नाही, पण काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा! सुरीचं टोक निळं. समोर बायको. तिच्या अंगठ्यालाही निळं. चर्चमध्ये सगळ्यांचे हात बघितले, शेजारी बसलेल्या बाईचा नाही बघितला. बायकोचा हात कोण बघतो हो?

"तू?" मी म्हटलं.

"मी," ती म्हणाली. "कपाटाला कुलूप लावलंस, मग काय करू? लोण्याची सुरी घेतली."

"फर्नांडनं सांगितलं ना तुला?"

"मला कुणी सांगायला कशाला पाहिजे? ही करवत ऐकत मी लहानाची मोठी झाले. तू आवळतोस तेव्हा ती किंचाळते, आल्सिद. जळायच्या आधी जशी किंचाळते तशी. म्हणून मी पुन्हा ढिली करते."

"मग तोंडानं सांगायचं!"

"सांगितलं. दोनदा. तुला ऐकू गेलं नाही."

मी म्हटलं, काहीतरीच, माझे कान ठणठणीत आहेत. तेव्हा तिनं चहाचा कप खाली ठेवला. "गेली तीन वर्षं तू गावभर सांगत फिरतोस, की डास कमी झाले, सरकार गुपचूप औषध मारतंय. डास आहेत तेवढेच आहेत. तुला गुणगुण ऐकू येत नाही. बारीक आवाज सगळे गेलेत तुझे, म्हणून तुला सगळं घोगरं लागतं."

खोटं कशाला सांगू, भीती वाटली. या कानांवर मी जगलो. जंगलात कानात बोळे घालणाऱ्यांना हसलो, त्यांना बायका म्हणायचो... आणि तीन वर्षं म्हणजे किती करवती झाल्या हो? "त्या सगळ्या तूच...?" मी विचारलं.

"सगळ्या," ती म्हणाली. मग उठली आणि माझा निळा कान ओल्या फडक्यानं पुसायला लागली. जातो कुठला! "कार्बोरेटर तूच बांधतोस. सुई तूच बसवतोस, ते मला मेलं तरी जमणार नाही. मी एक स्क्रूच तर फिरवते. एवढं तोंड पाडायला काय झालं?"

दुपारी शर्यत. जायच्या आधी मी स्वतः तिच्यापुढे करवत धरली, तिनं सुरीनं स्क्रू एकवर आणला, आणि मी हात नाही लावला. मला ओंडक्यात शिरतानासुद्धा घोगरीच लागत होती, हात शिवशिवत होते, पण मी रोझिल्डाकडे बघत होतो. ती दोन्ही हात तोंडावर ठेवून रडत होती, हसतही होती. म्हणजे आवाज बरोबर असणार. दुसरे आलो. गिल्मन पहिला. येऊन पाठीवर थाप मारली, म्हणतो, "आल्सिद, तुझ्या कानाला तोड नाही." मी म्हटलं, चाळीस वर्षांची साधना आहे. आता हे काय तिथं उकरत बसायचं?

मंगळवारी तोच गिल्मन आपली लाल करवत घेऊन आला. मी उघडली, साफ केली, सेट केली. तो डोळे मिटून ऐकत होता, मान डोलावत होता, वा वा, क्या बात है. आभार मानले, करवत ट्रकमध्ये टाकली आणि ट्रक फाटकाकडे न नेता घराला वळसा घालून मागं नेला. मी संशयी माणूस नाही, पण मी गेलो मागनं. बघतो तर पायरीवर करवत, रोझिल्डा वाकलेली, आणि गिल्मन तिला म्हणतोय, "नेहमीसारखं कर, वहिनी."

नेहमीसारखं! म्हणजे सगळ्या खोऱ्याला माहीत! पुढच्या दारानं माझ्याकडे, मागच्या दारानं तिच्याकडे, तीन वर्षं, आणि एकाच्याही तोंडातून अवाक्षर नाही. मला बघून दोघांचे चेहरे पांढरे. गिल्मन काहीतरी बोलला, ओठ हलताना दिसले. भांडणार होतो, खरंच, तोंड उघडलं होतं.

मग म्हटलं, इथं पायरीवर नको, शेडमध्ये चला, उजेड बरा आहे. तेव्हापासून ती स्क्रू फिरवते आणि मी करवत धरून उभा असतो. जड असते हो ती. तेवढ्याला तरी माणूस लागतोच.