फक्त आईचा आवाज

गुरुप्रसाद: डबो बिघडूक नाय ताई. आताच तुमच्यासमोर लावन् बगितलंय. आवाज येता, दोनी बाजूक येता. मगे परत कित्याक?

गौरजा: बिघडलाय असं मी म्हटलंच नाही. परत घे, एवढंच म्हणते.

गुरुप्रसाद: घेतंय. पण गेल्या महिन्यात तुमीच दोनदा फोन केलास, नव्या टीव्हीचो आवाज अण्णांका ऐकाक येना नाय म्हणान. त्या टीव्हीक मागे लाल-पांढऱ्या पिनेची जागाच नाय. म्हणान मधी ह्यो डबो घातलंय. चित्र टीव्हीत, आवाज वेगळो काढून अण्णांच्या जुन्या अॅम्प्लिफायराक. काय चुकला काय माझा?

गौरजा: काही चुकलं नाही. काम फार चांगलं केलंस, तेच झालं. तुला वेळ आहे का जरा?

गुरुप्रसाद: बसा. दुपारचा दुकानात कोण येना नाय.

गौरजा: अण्णा तुला ठाऊक आहेत ना, आधीचे?

गुरुप्रसाद: काशिनाथ कंट्रोलर? कणकवलीत कोणाक ठाऊक नाय? एसटी डेपोच्या भोंग्यावर तेंचो आवाज इलो, की आमी शाळेची पोरां धावत सुटू.

गौरजा: तो आवाज आता नाही राहिला. तीन वर्षं झाली, एकेक विसरत चाललेत. आई गेली त्यालाही दोन वर्षं झाली, पण ते त्यांच्या लक्षात राहत नाही. मी कोल्हापुराहून रजा काढून आले ती त्यासाठीच. रोज सकाळी विचारतात, यशोदा खंय गेली. मी म्हणते, देवळात गेलीय. मग वाटलं, आईचे ते व्हिडिओ लावावेत. मस्कतच्या मामाने तिला कॅमेरा दिलेला, त्याच्यावरचे.

गुरुप्रसाद: माका म्हायत आसत. त्या फिती पेनड्राइव्हार मीच करून दिलेलंय.

गौरजा: मग तू पाहिलं असशील. तीस तासांचं आहे सगळं. कोंबड्या, विहीर, भाताची कापणी, आणि अण्णा. आई एकदाही दिसत नाही. कॅमेरा तिच्याच हातात. तिचा नुसता आवाज.

गुरुप्रसाद: ह्या माझ्या ध्यानात इल्ला नाय.

गौरजा: माझ्यासुद्धा नाही. तू डबा बसवून गेलास, त्या संध्याकाळी मी लावलं आणि चहा टाकायला आत गेले. मागून आईने हाक मारली, ‘गौरू, मीठ हाड गो.’ मी ‘इलंय’ म्हणून मिठाचा डबा घेऊन बाहेर आले. दारात आले तेव्हा कळलं मी काय करतेय. टीव्हीच्या आवाजात ती लांबची वाटायची रे. त्या मोठ्या स्पीकरांत ती खोलीत उभी असते. शेजारची दिव्या कढीपत्ता न्यायला आलेली, ती ओटीवरूनच परत फिरली. चपला आमच्याकडेच. दुसऱ्या दिवशी तिचा नवरा येऊन घेऊन गेला, तिने पाठवलं म्हणून सांगितलं. आत आला नाही.

गुरुप्रसाद: आणि अण्णा?

गौरजा: अण्णा खूश. दोन दिवस नीट जेवले. तिसऱ्या दिवशी त्यांचं लक्ष चित्राकडे गेलं. मला बोलावून विचारलं, ‘माझ्या खुर्चेर कोण बसलो हा?’

गुरुप्रसाद: ते स्वतःच.

गौरजा: स्वतःच. पंधरा वर्षांपूर्वीचे, बनियनवर, काळे केस. आणि आई त्या माणसाला ‘अहो’ म्हणते. चहा विचारते, पाय दुखतत काय विचारते. अण्णांनी जेवण टाकलं. मी सांगितलं, अण्णा, तुमीच ते. ऐकेनात. हाताला धरून आरशासमोर नेलं. आरशातल्या म्हाताऱ्याला त्यांनी नमस्कार केला, ‘बसा’ म्हणाले, आणि बाहेर येऊन तांब्याच उचलून टीव्हीवर फेकला. कोपऱ्यातून काच तडकलीय.

गुरुप्रसाद: तेव्हाच तुमी फोन केल्लास? चित्र बंद करून आवाज कसो चालू ठेवूचो, म्हणान?

गौरजा: हो. टीव्ही बंद केला की आवाजही बंद व्हायचा. तू सांगितलंस, टीव्हीची वायर काढ आणि डब्याच्या बाजूचं ते बारीक बटण सरकव. तसं केलं. टीव्हीवर चादर टाकली. मग आठ दिवस घरात आई होती, गुरुप्रसाद. संध्याकाळी दिवा लावला की अण्णा स्पीकरासमोर खुर्ची ओढून बसायचे. ती कोंबड्यांशी बोलायची, हे मान डोलवायचे. मीही भाजी चिरत तिथेच बसायचे. खोटं कशाला सांगू, मला संध्याकाळची वाट पाहायची सवय लागली.

गुरुप्रसाद: मगे बिनसला खंय?

गौरजा: चित्र गेलं. तो माणूस गेला नाही. आवाजात तोही आहे ना.

गुरुप्रसाद: हां.

गौरजा: तू तेव्हा ऐकलं असशील, ते कसे बोलतात.

गुरुप्रसाद: मी काय ऐकूचंय. फिती लावायच्यो आणि दुसऱ्या कामाक लागायचा.

गौरजा: आई म्हणते, ‘अहो, हंय बगा मा जरा.’ ते म्हणतात, ‘बंद कर ता. दिवसभर भोंग्यावर बोलान इलंय, घरात तरी गप बसांदे.’ प्रत्येक वेळी असंच. तिने काही विचारलं की शब्दाचा एक फटका. आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही. घरोघरी बाप्ये तसेच बोलत होते. आणि आई हसायची. माझ्या आठवणीत ती नेहमी हसायची.

गुरुप्रसाद: मगे?

गौरजा: हसत नव्हती रे. टीव्हीच्या आवाजात ते हसण्यासारखं वाटायचं. तुझ्या डब्याने तो आवाज वेगळा काढून दिला तेव्हा ऐकू आलं. ते बोलले की ती श्वास घेते, आवंढा गिळते आणि कॅमेरा विहिरीकडे फिरवते. हसू म्हणून मी जे आयुष्यभर लक्षात ठेवलं, ते ते होतं.

गुरुप्रसाद: पाणी देव काय, ताई?

गौरजा: नको. पुढचं ऐक. गेल्या सोमवारी तेच वाक्य आलं, गप बसांदे. अण्णा खुर्चीतून उठले. स्पीकरासमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, ‘कोण रे तू? तिच्याशी नीट बोल.’

गुरुप्रसाद: स्वतःकच.

गौरजा: त्यांना काय ठाऊक. त्यांना एवढंच कळतंय, की घरात कोणीतरी परका आहे आणि तो यशोदेला टाकून बोलतो. तेव्हापासून रोज काठी घेऊन त्याला शोधायला बाहेर पडतात. काजीच्या बागेत, विहिरीमागे. परवा मी कपडे वाळत घालत होते तेवढ्यात तळ्यापर्यंत गेले. भगवतीच्या देवळातल्या भाईंनी पाहिलं म्हणून बरं. पायऱ्यांवर गुडघाभर पाण्यात उभे होते. भाईंनी हात धरून घरी आणलं. पायांना चप्पल नाही, तळवे फाटलेले. मला म्हणाले, ‘पळालो तो, पण परत येतलो. तू तिका एकटी ठेवू नको.’

गुरुप्रसाद: म्हणान डबो काढलास.

गौरजा: काल सकाळी काढला. संध्याकाळी त्यांनी विचारलं, यशोदा बोलना कशी नाय? देवळात गेली म्हटलं तर देवळात जायला निघाले. शेवटी मी खरं सांगून टाकलं, अण्णा, आई गेली, दोन वर्षं झाली. ते रडले रे. आजच गेल्यासारखे रडले. तासाभराने पुन्हा विचारलं. पुन्हा सांगितलं, पुन्हा तसेच रडले. तिसऱ्यांदा मी सांगितलं नाही. आज शेजारच्या दिव्याच्या पाया पडून तिला त्यांच्याजवळ बसवलंय आणि तुझ्याकडे आलेय. ठेवला तरी हाल, काढला तरी हाल.

गुरुप्रसाद: ताई, ह्यो डबो चित्रातसून आवाज काढता. माणसातसून माणूस काढूचा काम तेचा न्हय.

गौरजा: ते मला कळतं.

गुरुप्रसाद: पण संगणकार करूक येता. सगळो आवाज उतरवून घेवचो, अण्णा बोलतत तेवढा पुसूचा. आई ऱ्हवात. चार-पाच दिवस लागतीत, सगळा कानान ऐकूचा लागतला. दोघा एकदम बोलली आसतीत थंय आईचेव एक-दोन शब्द जातले.

गौरजा: म्हणजे मी माझ्या बापाचा आवाज पुसून टाकायचा.

गुरुप्रसाद: पुसून खंय? मूळ फिती ऱ्हवतत. वेगळो करूचो.

गौरजा: त्यांचा धड आवाज म्हणून तेवढाच उरलाय रे. आता बोलतात तो त्यांचा नाही. आणि उरलाय तो असा.

गुरुप्रसाद: तुमी सांगशात तसा करतंय. घाई नाय.

गौरजा: कर.

गुरुप्रसाद: एक इचारूचा होता. अण्णांचा बोलणा काढला, की थंय रिकामी जागा पडतली. ती जोडून घेव काय? म्हणजे आईचा बोलणा सलग होतला.

गौरजा: नको जोडू. ती उत्तराला थांबायची तेवढी थांबू दे.

(सहा दिवसांनी. धामापूर, गौरजाचं घर, तिन्हीसांज. दोघं पडवीत बसली आहेत. आत स्पीकरासमोर अण्णा.)

गुरुप्रसाद: दोनशे बारा जागा निघाल्यो. कापलेला सगळा ह्या दुसऱ्या पेनड्राइव्हार ठेवलंय. सगळा मिळान पाऊण तास.

गौरजा: तीस तासांत पाऊण तास. घरात कितीसे बोलायचे ते.

गुरुप्रसाद: तेवढाच लागोपाठ ऐकलंय मी. परवा घराक गेलंय, बायको जेवक वाढी होती, आणि माका तोंड उघडूचा भय वाटला. गप जेवलंय.

गौरजा: तुझ्याकडेच ठेव तो. दुकानात. मला नेववणार नाही, आणि टाकून देववणार नाही. मी मागेन तेव्हा दे. मागितला नाही तर आठवण करू नको.

गुरुप्रसाद: बरा. लावलास काय आत?

गौरजा: तू यायच्या आधीच लावलाय. सुरुवातीला कोंबड्या आहेत. आई यायची आहे अजून. काठी मी माळ्यावर टाकलीय.

गुरुप्रसाद: आयकतत ते?

गौरजा: बसलेत. मला भीती वाटते रे. रिकामं ऐकून आणखी काही समजले तर?

आईचा आवाज: काजी सुकत घातलंय, बगलास? ऊन बरा पडला हा आज.

गुरुप्रसाद: हंय अण्णांचा वाक्य होता. सात सेकंदांचा.

गौरजा: ठाऊक आहे मला. बोलू नको.

आईचा आवाज: ऱ्हवांदे. मीच उलटतंय त्यो.

गुरुप्रसाद: काय बोलाक नाय अण्णा. बंद करूया काय?

गौरजा: थांब जरा. खुर्ची पुढे ओढली त्यांनी.

आईचा आवाज: पायाक त्याल लावन् देव? दिसभर उभे असतास.

अण्णा: नको गो. तू दमलंस. बस.

गुरुप्रसाद: ताई.

गौरजा: ऐकलं मी.

गुरुप्रसाद: मी निघू काय? ह्या माझ्यासाठी न्हय.

गौरजा: नको, बस. मला एकटीला ऐकवणार नाही. पुढचं आई रेडीहून आली तेव्हाचं आहे. चार दिवस माहेरी जाऊन आली होती, आल्या आल्या कॅमेरा काढला. अण्णा पेपर वाचत बसले होते.

आईचा आवाज: इलंय हां. चार दिवस घरात नव्हतंय मी. तुमका कळला तरी?

गुरुप्रसाद: हंयची जागा मोठी आसा. आई खूप येळ थांबली हा.

गौरजा: हो.

अण्णा: कळला गो.