घरटी एक माणूस

सन्माननीय अध्यक्ष हैबतराव, मंचावर बसलेले शिक्षण खात्याचे साहेब, आज सेवानिवृत्त होणाऱ्या आमच्या नमिताबाई, पेणहून आलेले पाहुणे, आणि रोह्याशेजारच्या अष्टमीहून रात्रपाळी संपवून तसेच गाडीत बसून जिते स्टेशनला उतरलेले माझे गाववाले, सर्वांना काळुरामचा नमस्कार.

बाई गावात नवीन होत्या तेव्हाचा किस्सा सांगायलाच हवा. सकाळी शाळा उघडली तर वर्गात एक पोर नाही. माझी चुलती ठमाबाई धावत चाललेली. तिला विचारलं, तर म्हणाली, "खांड परली गो बाय, समदी पोरां तिकरंच गेली!"

बाई घाटावरच्या. त्यांच्याकडे खांड म्हणजे साखर. "साखर सांडली म्हणून शाळा बुडवता?" असं म्हणत तावातावाने मागे निघाल्या. खाडीवर पोचल्यावर कळलं, बांध फुटून भगदाड पडतं त्याला आम्ही खांड म्हणतो. खारं पाणी भातात शिरत होतं. अशा वेळी गावात हाक जाते, 'घरटी एक माणूस!' बाईंनी पदर खोचला आणि रांगेत उभ्या राहून चिखलाचे गोळे पुढे देऊ लागल्या. कुणी म्हणालं, "बाय, तुमी कशाला?" तर म्हणाल्या, "शाळा हेही एक घरच ना?" तेव्हा आम्ही हसलो होतो.

तीन-चार वर्षांमागे उधाणात पुन्हा खांड पडली. हाक गेली, पण येणार कोण? एका पिकावर घर चालत नाही, म्हणून तरणी माणसं आधीच रोह्याकडे कंपनीत कंत्राटावर लागलेली. निम्म्या घरांना कुलूप. बाई आल्या होत्या. खांड बुजली नाही, शेतं खारावली, मग राहिलेलेही निघाले. विकास झाला नाही असं मी म्हणत नाही. रस्ता आला, नळ आला, नळाला पाणी यायचं तेवढं राहिलंय. पण त्या रस्त्याने गावात राहायला कोण आलं? आम्ही जाणारेच पाहिले. मला कुणाचा राग नाही, असं म्हणणार होतो. खोटं कशाला बोलू, आहे.

शाळेत आता मोजकी पोरं आहेत. त्यात माझी नात भाविका. बाईंच्या जागी अजून कुणाची नेमणूक नाही. शिक्षक नसेल तर शाळा बंद होईल, आणि मग माझी सूनही बिऱ्हाड उचलेल. तिला मी कोणत्या तोंडाने थांब म्हणू?

साहेब, पाहुण्याकडे काही मागू नये, हे मला कळतं. पण बाईंनी शाळेला घर मानलं, तसं मी आपल्या कार्यालयाला घर मानतो आणि गावाच्या रिवाजाने हाक देतो. घरटी एक माणूस. आपल्या घरचं एक माणूस जूनला इथे पाठवा.

बाई, तुमचे उपकार फिटायचे नाहीत, ते तसेच राहू द्या. आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. माझ्या बोलण्यात कुठे खांड पडली असेल, तर मोठ्या मनाने बुजवून घ्या. शाळेत पडतेय ती दुसरी बुजवायला मात्र माणूसच लागेल.