शेठची जाळी

जीवदया म्हटलं की मला अजून तळलेले मासे आठवतात. हसू नका, खरंच सांगतोय! तेव्हा मी शहाद्याला एका शेठच्या मळ्यात इंजिन चालवायचो. पंप गोमाई नदीचं पाणी ओढायचा, त्याच्या पंख्यात मासे सापडायचे आणि उसाच्या पाटात त्यांचे तुकडे पडायचे. शेठला पापाची धास्ती बसली. त्यानं पाइपाच्या तोंडाला बारीक जाळी ठोकली आणि गावभर मिरवला. आठवड्यानं पाव्हण्यांना जाळी दाखवायला घेऊन आला, तर इंजिनाच्या खोलीबाहेर माझी बायको तव्याशी बसलेली.

शेठनं ऐटीत विचारलं, "काय बाई, मासा मरणतून वाचनात ना?"

बायकोनं तव्यावरचा मासा उलटवला. "वाचनात ना, शेठजी! पहिले तुकडा वेचना पडेत, आते जाळीले चिकटेल आख्खाच भेटतस. देव तुम्हनं भलं करो!"