दिगूची गाडी मागून उंच झाली

रंगराव : म्हणजे गाडीचा मागून पार उंट केलास म्हण की!

दिग्विजय : उंट काय काका, दोन बोटं वर घेतलीय फक्त. मागच्या स्प्रिंगा आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बर बदलले. अ‍ॅडजस्टेबल आहेत. ही रिंग पान्याने फिरवली की गाडी वर, उलटी फिरवली की खाली.

रंगराव : कंपनीच्या स्प्रिंगांना काय धाड भरली होती?

दिग्विजय : फाटकापाशी तो स्पीडब्रेकर कोणी घातला?

रंगराव : सोसायटीने.

दिग्विजय : सोसायटी म्हणजे चेअरमन तुम्ही. स्वतः थापी घेऊन बसला होतात. रोज हिंजवडीहून दमून यायचं आणि दारात सायलेन्सर घासायचा. शेवटी मित्र ऑनसाइटला जर्मनीत होता, त्याच्याकडून हे सामान मागवलं.

रंगराव : एवढ्याशा ब्रेकरला जर्मनी! अरे, मांजरी गावाच्या रस्त्यावर एक होता. चढताना पाऊस, उतरताना ऊन. उसाचे ट्रॅक्टर वरती मुक्कामाला थांबायचे. चहाच्या टपऱ्या होत्या त्याच्यावर.

दिग्विजय : टपऱ्या?

रंगराव : दोन. दुसरी चालली नाही.

दिग्विजय : थापा नंतर मारा, काका. गेल्या रविवारी तुम्ही ब्रेकरवर आणखी एक थर का चढवलात?

रंगराव : झिजला होता.

दिग्विजय : महिन्याभरात? मी रिंग अजून थोडी फिरवली, तर आज पुन्हा सिमेंटचं घमेलं घेऊन उभे! माझं काही चुकलंय का? डायरेक्ट सांगा ना.

रंगराव : हळू बोल. तुझी इंदुकाकू खिडकीपाशीच पडलीय.

दिग्विजय : मग काय झालं?

रंगराव : तिला आता दिसत नाही, ठाऊक आहे तुला. तुझी आई कराडला परत जाताना तिला म्हणाली, पोरावर लक्ष असू द्या. झालं! बाईने मनावर घेतलं. संध्याकाळी फाटकात ‘खर्र’ झालं की ‘आला दिगू’ म्हणायची आणि मग जेवायला बसायची.

दिग्विजय : आणि आता?

रंगराव : आता कुठला आवाज? मांजरासारखा येतोस. ही आपली इन्सुलिनची सुई टोचून घेते आणि ताट झाकून बसते. परवा घामाने डबडबली, हातपाय गार. तोंडात साखर कोंबली तेव्हा कुठे शुद्धीवर आली.

दिग्विजय : बापरे! अहो, मग तिला सांगायचं ना, दिगू आला म्हणून.

रंगराव : सांगतो की रोज. ती म्हणते, तुमचं आजवर काय खरं निघालंय?

दिग्विजय : …ते एक आहेच. मग मीच येऊन सांगत जातो.

रंगराव : खबरदार! मी तुला बोललो हे कळलं तर माझी धडगत नाही. पोरगं धसका घेईल, काम टाकून पळत येईल, म्हणते.

दिग्विजय : हॉर्न देतो.

रंगराव : फाटकावरची पाटी वाचलीस का?

दिग्विजय : ‘हॉर्न वाजवणाऱ्यास शंभर रुपये दंड. कारण सांगू नये.’ तुमचीच आहे.

रंगराव : दंड घेतला असता रे. पण हॉर्न सगळ्यांचा सारखाच. ‘खर्र’ फक्त तुझं.

दिग्विजय : द्या तो पाना इकडे.

रंगराव : कशाला?

दिग्विजय : रिंग उलटीही फिरते म्हटलं ना. आणि ते घमेलं ठेवा खाली, कंबर धरेल.

रंगराव : सायलेन्सर फाटला तर?

दिग्विजय : हळू घेईन. आवाजापुरताच घासेल.

(सोमवारी संध्याकाळी. फाटकापाशी सिमेंटवर पत्रा घासल्याचा आवाज.)

इंदुबाई : आला दिगू! अहो, पानं घ्या.

रंगराव : घेतली.

इंदुबाई : एवढा पगार मिळतो त्याला. सांगा, गाडी जरा मागून उंच करून घे म्हणावं.

रंगराव : विचारलं मी. म्हणतो, तसलं सामान अजून निघालंच नाही.