बालकक्ष कुठाय?

वहिनी : ...अहो वन्सं, एंटरवरचं बोट काढा आधी! जीव टांगणीला लावलाय माझा.

नणंद : अगं वहिनी, ही नुसती तालीम. मी लिहिलेली स्क्रिप्ट काय काय करणार ते फक्त पडद्यावर दाखवेल, करणार काही नाही.

वहिनी : दुपारी जुना सर्व्हर बंद होतोय. फायली कालच नव्यावर गेल्या, पण अख्ख्या हॉस्पिटलचे शेअर फोल्डर, म्हणजे त्या फायलींपर्यंत पोचायच्या वाटा, आणि कुणाला कुठला उघडायचा ते सगळं अजून राहिलंय. आठवडाभर माउस घासतेय मी, एक मजला उरकला नाही. आणि तुम्ही चार ओळींत करणार?

नणंद : चार कुठल्या, पानभर आहेत. बघ तर.

वहिनी : अगंबाई! प्रसूतिकक्ष... रक्तपेढी... हा तर मी तुमच्या घरात यायच्याही आधी केलेला. कसे झरझर चाललेत! शेतातून पाखरांचा थवा उठावा तसे.

नणंद : आणि पुढे माणसं बघ. कोण नुसतं वाचणार, कोण लिहिणार.

वहिनी : सिस्टरांना वाचायला, डॉक्टरांना लिहायला... जसंच्या तसं. माझी सगळी वर्षं एका दमात वाचून दाखवली हो हिनं! ...थांबा. बालकक्ष कुठाय?

नणंद : वर गेला असेल.

वहिनी : नाही गेला. डोळ्यांत तेल घालून बसलेय मी. आज एका चिमुरडीचं हृदयाचं ऑपरेशन आहे, तिचा एक्सरे त्यातच आहे.

नणंद : नाव काय दिलं होतंस?

वहिनी : शेवटी डॉलरचं चिन्ह आहे. तसं केलं की फोल्डर लपून राहतो, माहीत असेल त्यालाच उघडतो. लेकरांचे कागद कुणी उगाच चाळू नयेत म्हणून.

नणंद : अगं आई गं! डॉलरवाले म्हणजे मशीनचे स्वतःचे, असं धरून मीच वगळायला सांगितले सगळे.

वहिनी : म्हणजे लेकरं तेवढी मागे राहिली असती?

नणंद : राहिली असती. थांब, मशीनचे तेवढे नावानिशी वगळते. ...आता?

वहिनी : आला! बालकक्ष, नवजात... सगळी आली हो पोरं!

नणंद : मग आता खरं चालवू. एंटर तू दाब.

वहिनी : मी? तुम्हीच दाबा ना.

नणंद : फोल्डर तुझे. दाब.

वहिनी : दाबलं. ...झालं? एवढ्यात? ना आवाज, ना काही. वन्सं, अंगावर काटा आला माझ्या.

नणंद : माझ्याही. लिहिलं मीच, तरी.

(फोन वाजतो.)

सर्जन : कॉम्प्युटर रूम ना? थिएटरमधून बोलतोय. मुलीला आत घेतलंय, एक्सरे हवाय.

वहिनी : आता नव्या सर्व्हरवर बघायचं, डॉक्टर. बालकक्ष. नाव नेहमीचंच टाका.

सर्जन : टाकतोय... हं.

वहिनी : उघडला?

सर्जन : हो, आला. केवढंसं आहे हो हृदय. ठेवतो, सुरू करतोय आम्ही.